केस्मर नावाचं क्रियापद

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
४ जून २०२५

मेघा,

पाच वर्षांनी तुझी मेल आली, तीही मोजून काही ओळींची. फोन करू नका, लिहून पाठवा. 'केस्मर' हा इंग्रजी शब्द कोणत्या शब्दकोशात आहे ते खंड आणि पानासकट कळवा. ना सलाम, ना कसे आहात. मी अर्ध्या शहराला पत्रलेखन शिकवलं आणि माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी अशी पत्रं लिहिते, हे मी शाइस्ताला बोलूनही दाखवलं. शाइस्ता, माझी लेक. तू होतीस तेव्हा ती बारावीला होती, आता क्लास तीच चालवते. ती म्हणाली, "अब्बू, उसने जो पूछा वो बोलो. बाकी बाद में."

हे पत्र मी हाताने लिहितोय, शाइस्ता त्याचा फोटो काढून तुला पाठवेल. टायपिंगला माझं बोट कधी वळलं नाही, आणि मराठीत लिहितोय ते मुद्दाम. इंग्रजीत आपण दोघं कायम सर आणि विद्यार्थिनीच राहिलो.

तुझ्यावर काय बेतलंय ते मला समजलं तसं लिहितो, चुकत असेन तर सुधार. तिकडे इंग्लंडात तुझ्या वॉर्डात एक म्हातारा पेशंट होता. तो तुला सांगत राहिला की मी मजेत आहे, आणि बागेतल्या गुलाबांच्या छाटणीचं बोलत बसला. तू त्याच्याकडे बघून ओळखलंस की ह्याच्या आत काहीतरी भयंकर चाललंय आणि हा ते बोलत नाही. बदलीची नर्स उशिरा येणार होती, तोंडी सांगायला मिळालं नाही, म्हणून ड्युटी संपताना तू नोंदीत लिहिलंस, "म्हणतो बरा आहे. केस्मरतोय." त्या बाईला दुसरं वाक्य कळलं नाही, तिनं पहिलं वाचलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. संध्याकाळी म्हातारा पोटातल्या रक्तस्रावानं गेला. आता चौकशी समिती विचारतेय की हा शब्द आणला कुठून, आणि तुझं नर्स म्हणून रजिस्ट्रेशन राहतं की जातं ते त्याच्यावर आहे.

तर माझं उत्तर. शब्द जुना आहे. केस्मर नावाचा जर्मन भाषेतला एक कवी होता, त्याच्या आडनावावरून तो इंग्रजीत आला. यात नवल काही नाही. सँडविच हे एका सरदाराचं नाव, बॉयकॉट हे एका साहेबाचं. आडनाव झिजत झिजत शब्द होतं. मोठ्या कोशात तो नक्की आहे. कोणता खंड ते आत्ता आठवत नाही, बघून कळवतो.

ईद तीन दिवसांवर आली आहे आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. क्लासच्या जिन्याला नवीन कठडा बसवला. तू पडली होतीस ना तिथं, तोच जिना. तब्येतीला जप. घाबरू नकोस.

याह्या सर


१५ जून २०२५

मेघा,

तुझी मेल मिळाली. "दुर्मीळ शब्द आहे, मोठ्या कोशात सापडेल" असं तू समितीला सांगितलंस, आणि आता ते खंड मागताहेत. मागणारच. मागितल्याशिवाय त्यांचं पोट कसं भरेल?

मंगळवारी मी शाइस्ताच्या स्कूटीवर मागे बसून एका कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. उन्हानं टाळू भाजून निघाली. तिथं तो मोठा कोश आहे, वीस खंडांचा, सगळे एका रांगेत उभे. नेमका 'के'चा खंड बायंडिंगला गेलेला. ग्रंथपाल म्हणाले, महिनाभर लागेल. आपलं नशीब नेहमीच असं, ऐन वेळी दगा देणारं.

पण शब्दाला पुरावा लागतो तो वापराचा, हे मला ठाऊक आहे. म्हणून दोन पानांच्या झेरॉक्स सोबत पाठवतो. पहिलं पान माझ्या 'रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी' या पुस्तकातलं, दुसरी आवृत्ती, पान एकेचाळीस. "टु केस्मर: आत त्रास असताना बरं आहे असं सांगणे आणि भलत्याच गोष्टीबद्दल बोलत राहणे." दुसरं पान प्रणयच्या गाइडमधलं. प्रणय माझाच विद्यार्थी, तुझ्यानंतरचा, टीव्ही सेंटर भागात आता त्याचा क्लास जोरात आहे. त्याच्याही पुस्तकात हाच शब्द, हाच अर्थ. दोन वेगवेगळ्या लेखकांनी छापलेला शब्द खोटा कसा असेल, हे समितीला विचार.

शिवाय, आपल्या बॅचचा कृष्णा बँकेच्या मुलाखतीत हा शब्द बोलला होता, तेव्हा साहेबानं त्याला "गुड व्होकॅब्युलरी" म्हटलं होतं. ते त्यानं इथं येऊन पेढे वाटताना सांगितलं. त्याचा नंबर शाइस्ता देईल.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. त्या दुसऱ्या नर्सला शब्द कळला नाही, तर तिनं कुणाला विचारलं का नाही? तिच्यावर चौकशी आहे की नाही?

तू शेवटी लिहिलंस, "तुमच्यावर विश्वास ठेवायची माझी ही शेवटची वेळ." ते मी दोनदा वाचलं. तुझ्या आईचं प्रकरण तू अजून मनात धरून आहेस. पारूबाईंनी मला शपथ घातली होती, मेघा. मी दिलेला शब्द पाळला. जाणाऱ्या माणसाचा शब्द पाळणं हा गुन्हा असेल तर तसं म्हण.

याह्या सर


२९ जून २०२५

मेघा,

तो शब्द इंग्रजीत नाही.

तुझ्या समितीनं एका कोश तयार करणाऱ्या बाईला बोलावलं, तिनं सगळीकडे शोधलं आणि सांगितलं की असा शब्द कुठल्याही काळात कुणीही वापरलेला नाही. तू मेलमध्ये एवढंच लिहिलंस, "तुम्ही माझ्याशी दुसऱ्यांदा खोटं बोललात." बाई बरोबर आहे आणि तूही बरोबर आहेस. शब्द मी बनवला. तुझ्यासाठी बनवला असं म्हणता येईल, पण ती पुन्हा चलाखी होईल. मी तो माझी लाज झाकायला बनवला.

तुला ती संध्याकाळ आठवते का? २०१४ साल, तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. सोयगावहून येऊन दोन महिने झाले होते, होस्टेलवरून चालत यायचीस आणि शेवटच्या बाकावर बसायचीस. मी फळ्यावर 'डॉक्टरकडे गेल्यावर' हा धडा घेत होतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप उतरत नाही. तू पहिल्यांदाच हात वर केलास. म्हणालीस, "सर, आमच्या वॉर्डात बाया म्हणत्यात काय नाय झालं, आन् त्यायला लई झालेलं असतं. मंग शेळीचं बोलत्यात, पावन्याचं बोलत्यात. याला इंग्लिशमधी काय म्हनायचं?"

इतका चांगला प्रश्न त्या खोलीत कधी कुणी विचारला नव्हता. आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

"मला माहीत नाही" हे वाक्य मी वर्गात कधीच उच्चारलेलं नव्हतं. इतर मास्तर उच्चारत असतील, त्यांच्यामागे डिग्र्या असतात. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडून वडिलांच्या दुकानात कापड फाडायला बसलेला माणूस. दुकानात येणाऱ्या साहेबलोकांशी बोलून बोलून इंग्रजी शिकलो, आणि दुकान बंद झालं तेव्हा त्याच माडीवर क्लास काढला. माझ्याकडे भांडवल होतं ते एवढंच, की याह्या सरांना सगळं येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टेबलावर एक पुस्तक पडलं होतं. छावणीच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगात मिळालेलं, कव्हर फाटलेलं. जर्मन कवितांचं इंग्रजी भाषांतर. केस्मर हा ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा खेड्यातला शाळामास्तर होता, एवढंच त्यात लिहिलं होतं. एका कवितेत एका बाईला मुलगा लढाईत गेल्याची तार येते, आणि ती तार आणणाऱ्या माणसाला म्हणते, तुमचे बूट ओले झालेत, शेकोटीजवळ काढून ठेवा. ती कविता वाचली की मला माझी अम्मी आठवायची. अब्बा गेले त्या दिवशी ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, रिक्षा लगेच मिळाली का.

मी खडू उचलला आणि म्हणालो, "टु केस्मर." फळ्यावर तिन्ही रूपं लिहिली. केस्मर, केस्मर्ड, केस्मरिंग. तोंड एकदा चालायला लागलं की माझं मला थांबवता येत नाही, म्हणालो, तिकडचे शिकलेले लोक सर्रास वापरतात. तू वहीत उतरवून घेतलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास.

त्या बिचाऱ्या कवीला याचा पत्ताही नसेल. कुठल्या जर्मनानं नाही, कुठल्या इंग्रजानं नाही, त्याच्या आडनावाचं क्रियापद शहागंजातल्या एका माडीवर एका घाबरलेल्या मास्तरानं केलं.

ते लगेच अंगाशी यायला हवं होतं. आलं नाही, कारण आपल्या गावाची एक रीत आहे. समोरच्यानं अवघड इंग्रजी शब्द टाकला की आपण मान डोलावतो. कळला नाही असं म्हटलं तर आपलंच इंग्रजी कच्चं ठरेल ना. बँकेच्या साहेबानं मान डोलावली. प्रणयनं माझ्या पुस्तकातून पान जसंच्या तसं उचललं, त्यानंही विचारलं नाही. त्याचं गाइड मी तुला पुरावा म्हणून पाठवलं, म्हणजे चोरानं चोराची साक्ष दिली. अकरा वर्षांत एक माणूस मला म्हणाला नाही, सर, हा शब्द कुठला? तुझ्याकडच्या त्या नर्सनं विचारलं नाही म्हणून मी तिला नावं ठेवली. तिला तरी घाई होती.

आणि लायब्ररीतला तो खंड जागेवरच होता. मी उघडला, बोट फिरवलं, आणि पुन्हा बंद करून ठेवला. शाइस्ता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्या मागच्या पत्राचा फोटो काढताना ते बायंडिंगचं वाचलं, तुला पाठवलं, आणि पुढचे दोन दिवस माझं ताट झाकून ठेवून क्लासला जात राहिली. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, बेटा, आत्ता ॲडमिशनचे दिवस आहेत. हे बाहेर गेलं तर प्रणय दारावर बोर्ड लावेल. ती म्हणाली, "क्लास का क्या है अब्बू, बैठ गया तो फिर उठा लेंगे. वो लडकी का क्या?"

मला तुझी भीती वाटत होती, मेघा. माझी अब्रू जाईल ही भीती होती, पण त्याहून जास्त ही, की तू तिथं त्या परक्या लोकांसमोर बसून छातीठोकपणे म्हणाली असशील, माझ्या सरांनी शिकवलंय. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिल्या खोट्याबद्दल मात्र मी जे लिहिलं ते तसंच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तू कोचीला परदेशी नोकरीसाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करत होतीस, शनिवारी पेपर होता. पारूबाईंना इथल्या दवाखान्यात आणलं तेव्हा आजार पुढे गेलेला होता. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "मास्तर, पोरीला काय सांगू नका. तिची परीक्षा हाय. म्या काय आज मरत नाय." तुझे कारभारीमामा म्हणाले, सर म्हणतील तसं. म्हणून रोज फोनवर मी तुला सांगत गेलो की आई बरी आहे. गुरुवारी त्या गेल्या आणि तुला शनिवारी संध्याकाळी कळलं. तुझा राग मी समजू शकतो.

आता मी काय लिहून देऊ ते सांग. जे सांगशील ते, त्याच शब्दांत.

याह्या


११ जुलै २०२५

मेघा,

तुझ्या युनियनच्या वकीलबाईंनी मजकूर मागितला तसा तयार केला आहे. इंग्रजीत, सही आणि शिक्क्यासकट, सोबत जोडलाय. मराठीत त्याचं सार असं:

"मी याह्या, वय त्रेसष्ट, शहागंज येथे इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवत आलो. माझ्याकडे पदवी नाही. केस्मर हा शब्द इंग्रजीत नाही. तो मी २०१४ साली एका जर्मन कवीच्या आडनावावरून स्वतः तयार केला आणि प्रचलित शब्द म्हणून मेघा व इतरांना शिकवला. ४ व १५ जून २०२५ च्या माझ्या पत्रांतही मी तिला त्याबद्दल खोटी माहिती दिली, आणि तिनं ती खरी समजून समितीला सांगितली. मी शिकवलेला अर्थ असा होता: माणूस बरं आहे म्हणतो, पण त्याला मोठा त्रास होत आहे, त्याचं म्हणणं खरं धरू नये. तो शब्द लिहिताना तिला एवढंच म्हणायचं होतं."

वकीलबाईंनी कळवलं आहे की हे पोहोचलं तर निदान हे तरी सिद्ध होईल की तू पेशंटकडे दुर्लक्ष केलं नव्हतंस. साधे शब्द का वापरले नाहीत, हा प्रश्न तुझ्यापुढे तरीही राहील. त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर दिलं असतं. मीच तुला साध्या शब्दांपेक्षा भारी शब्द मोठा, असं शिकवलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नोटरीकडे एक गंमत झाली, तुला हसू येणार नाही, तरी सांगतो. वकीलसाहेबांनी निवेदन वाचलं, 'केस्मर'पाशी आले आणि मान डोलावली. मी विचारलं, साहेब, हा शब्द तुम्हाला माहीत आहे? म्हणाले, "हो हो, ऐकलेला आहे ना." मी म्हणालो, खालची ओळ वाचा. त्यांनी वाचली आणि शिक्का मारून कागद माझ्याकडे सरकवला. चहाला काही बसवलं नाही.

मग मी वर्गात गेलो. शाइस्ताचा तास चालू होता, नवीन बॅच, बरीचशी पोरं कन्नड, सिल्लोड, सोयगावकडची. मी सांगितलं की पान एकेचाळीसवरचा हा शब्द खोटा आहे, मी बनवलेला आहे, आणि त्याच्यामुळे तुमच्यातल्याच एका मुलीची नोकरी पणाला लागली आहे. पेन घ्या आणि खोडा. कुणी लगेच खोडलं नाही. छापलेल्या पुस्तकावर काट मारायला आपल्या पोरांचा हात उठत नाही. मग पुढच्या बाकावरच्या मोनिका नावाच्या मुलीनं मारली, आणि विचारलं, "सर, मंग खरा शब्द कोनता हाय त्याला?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली. आभाळ कोसळलं नाही. मोनिका म्हणाली, बरं, आणि तिनं पान उलटलं. मला मात्र तिथं उभं राहवेना. जिन्यात येऊन बसलो आणि रडलो. २०१४ मध्ये हेच म्हणालो असतो तर तू कदाचित दहा साधे शब्द शिकली असतीस.

प्रणयलाही फोन केला. तो म्हणाला, "सर, मार्केटमधी चालतंय ना, मंग कशाला काढायचं?" चार पालकांनी फी परत मागितली, शाइस्तानं दिली. दारावरचा तुझा फोटो, ज्याच्याखाली 'आमची विद्यार्थिनी, इंग्लंड' असं लिहिलं होतं, तो मीच उतरवला. तू तो काढायला तीन वर्षांपूर्वी शाइस्ताकरवी कळवलं होतंस. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

याह्या


२० जुलै २०२५

मेघा,

हे पत्र शाइस्ताच्या हातात दिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्कॅन करून मीच पाठवतोय, त्याला मराठी वाचायला वेळ नसतो.

बुधवारी आपल्याकडच्या साडेतीनला मी कॅमेऱ्यासमोर बसायचं आहे. वकीलबाईंनी बजावलं आहे की समोरचा वकील मला खोटारडा ठरवायचा प्रयत्न करेल आणि विचारेल, या विद्यार्थिनीला तुम्ही आणखी कशाकशाबद्दल फसवलंय. आणि तुझी मेल, एका ओळीची: "सर, ते विचारायच्या आधी मला सांगा, अजून काही आहे का?"

आहे.

पारूबाईंनी मला शपथ घातली होती हे खरं. पण ते पहिल्या दिवशी. नऊ दिवस त्या तेच म्हणत राहिल्या. मंगळवारी दुपारी मी गेलो तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्यात. मी परत फिरलो तर म्हणाल्या, "मास्तर, आता बोलवा तिला. मला लई भ्या वाटायलंय."

त्यांनी शपथ मोडली होती, मेघा. स्वतःच्या तोंडानं मोडली होती. मंगळवार होता. तू संध्याकाळच्या विमानानं निघाली असतीस तर बुधवारी सकाळी इथं असतीस.

मी "व्हय, बोलावतो" म्हणालो. खाली उतरलो, फाटकाशी उभा राहिलो, तुला फोन लावला आणि विचारलं, ऐकण्याच्या पेपरची तयारी कशी चालली आहे. तू म्हणालीस, आई कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे, आत्ताच जेवली.

का, ते मी पाच वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. परीक्षा हुकली तर वर्ष जाईल. त्यांच्याच भल्यासाठी, तुझ्याच भल्यासाठी. त्यातलं थोडं खरंही असेल. पण त्या दिवशी फाटकाशी माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. माझ्या क्लासमधून तोवर परदेशी कुणी गेलं नव्हतं. तू पहिली असणार होतीस. तुझ्या फोटोची जागा मी दारावर ठरवून ठेवली होती.

वॉर्डात रोज आजारी माणसांचे चेहरे वाचणारी तू, तुझ्या आईचा चेहरा तुला फोनवरून कसा दिसणार? तो फक्त मला दिसत होता. त्यांनी तर काही लपवलंही नव्हतं. भीती वाटते, असं साध्या मराठीत सांगितलं होतं.

विचारलं तर हे मी बुधवारी सांगेन. नाही विचारलं तरी तुला आता माहीत झालं. मी साक्षीला नको असेन तर वकीलबाईंना तसं कळव, निवेदनावर नोटरीचा शिक्का आहे, ते माझ्याशिवायही चालेल असं त्या म्हणाल्या होत्या. मला कळवायची गरज नाही. मी साडेतीनला बसेन, कुणी जोडलं नाही तर उठेन. माफी मागत नाही, कारण मी मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

राहिलं ते सांगतो. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी दवाखान्यात गेलो तेव्हा पारूबाईंनी विचारलं, "निघाली का पोरगी?" मी म्हणालो, निघाली, रस्त्यात आहे. त्यांनी मान हलवली. रात्रभर शांत झोपल्या असं वॉर्डातल्या चतुराबाई सांगत होत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी चतुराबाईंकडून केस विंचरून घेतले, वेणी घालून घेतली, आणि लुगडं बदलायला लावलं, पोरगी यायची म्हणून. दुपारी पावणेदोनला त्या गेल्या.

याह्या